हातची सजावट हा रिकामा उद्योग नव्हे

लग्नसराई तोंडावर आली की घरोघरी केळवणं सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर एक वादही सुरू होतो. नवरा मुलगा किंवा नवरी मुलगी जेवायला येणार, तर जेवणाचं टेबल सजवायचं का? आणि सजवायचं तर कशानं? गेल्या काही वर्षांत या प्रश्नाची दोन ठरीव उत्तरं तयार झाली आहेत. एक उत्तर असं की, हातानं काही करत बसण्यात अर्थ नाही, बाजारात सगळं तयार मिळतं. 'केळवण' अशी अक्षरं कोरलेली ॲक्रिलिकची पाटी, मण्यांची महिरप, प्लास्टिकचं केळीचं पान, कापडी झेंडूच्या माळा असा अख्खा संच मिळतो. विकत नको असेल तर भाड्यानं आणा आणि काम झालं की परत करा. दुसरं उत्तर अगदी उलट्या टोकाचं आहे. त्याचं म्हणणं असं की, मुळात सजावटच नको. गरम, पोटभर आणि मायेनं वाढलेलं जेवण पुरेसं आहे. बाकी सगळा फोटोसाठी मांडलेला देखावा, आणि त्याचा भार शेवटी घरातल्या बाईच्याच डोक्यावर.

मला ही दोन्ही उत्तरं मान्य नाहीत. पहिलं सोयीपोटी दिलेलं आहे, दुसरं तत्त्वापोटी, म्हणून दुसऱ्याला अधिक गांभीर्यानं उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं असं आहे की, पाहुण्याची जेवणाची जागा स्वतःच्या हातानं, घरातल्या आणि अंगणातल्या साध्या वस्तूंनी सजवणं हा आदरातिथ्याचाच एक भाग आहे. स्वयंपाकापुढे त्याचं महत्त्व कमी असेल, पण तो त्याच भावनेतून येतो. आणि ही सजावट स्वस्त आहे, हेच तिचं सर्वांत मोठं बळ आहे.

आधी एक नेहमीचा आक्षेप निकालात काढतो. टेबल सजवणं हे साहेबी खूळ आहे, आपल्याकडे असलं काही नव्हतं, असं मोठ्या ठामपणे सांगितलं जातं. टेबल आपल्याकडे नव्हतं, हे खरं. पण जेवणाची जागा सजवणं आपल्याकडे नव्हतं, असं म्हणणाऱ्यानं पंगत आठवून पाहावी. बसायला पाट, मानकऱ्याच्या पाठीशी टेकायला दुसरा पाट, ताटाखाली चौरंग किंवा अजून एक पाट, ताटाभोवती रांगोळीची महिरप, केळ्यात किंवा बटाट्यात खोचलेल्या उदबत्त्या, समोर तेवणारी समई. विहिणीच्या पंगतीला तर रांगोळीचा थाट आणखी वाढायचा. आणि पान वाढण्याची आपली रीत तरी दुसरं काय आहे? मीठ वरच्या बाजूला मधोमध, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाज्या आणि उसळ, मध्ये वाटीनं पाडलेली भाताची मूद, तिच्यावर पिवळं वरण आणि तुपाची धार. यात चवींचा विचार आहे, हाताच्या सोयीचा आहे, तसा रंगांचाही आहे. कोशिंबिरीवर वरून कोथिंबीर आणि ओलं खोबरं भुरभुरणारी बाई चवीसाठी ते करते, तसं डोळ्यांसाठीही करते. जेवण झाल्यावर येणारा विडासुद्धा आपण नुसताच गुंडाळून देत नाही. कुलपी विडा, गोविंद विडा असे त्याच्या घड्यांचेही प्रकार आहेत.

मग ही सगळी सजावट गेली कुठे? माणसं जमिनीवरून खुर्चीवर आली आणि रांगोळीची जमीन पायाखाली राहिली. सनमायकाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पंख्याखाली रांगोळीची पूड टिकत नाही, उडून ताटात जाते. पाट माळ्यावर गेले. जी सजावट जागेला बांधलेली होती, ती जागेबरोबर सुटली, आणि तिच्याऐवजी काय करायचं याचा विचार करायला कोणी थांबलं नाही. त्या रिकाम्या जागेत आधी प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ आला आणि आता ॲक्रिलिकचा संच आला आहे. म्हणून टेबल हातानं सजवणं ही परक्यांची नक्कल ठरत नाही. तुटलेला धागा नव्या जागी पुन्हा जोडण्याचं ते काम आहे.

परंपरेच्या नावानं एवढं सोवळंही पाळायचं कारण नाही. ज्या झेंडूशिवाय आपला दसरा होत नाही, तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. मिरची आणि बटाटाही अमेरिका खंडातूनच आले. आपण ते घेतले, आपलेसे केले, आणि आज त्यांना कोणी परकं म्हणत नाही. टेबलाचंही तेच व्हायला हवं. फक्त ते आपल्या जेवणाच्या रीतीप्रमाणे सजवलं पाहिजे.

ही आपली रीत नीट लक्षात घेतली पाहिजे, कारण हातची सजावट फसते ती बहुतेक इथेच. युरोपीय पद्धतीच्या टेबलावर मधोमध उंच फुलदाणी चालते, कारण तिथे बऱ्याचदा ताट भरूनच समोर येतं. आपलं जेवण वाढपाचं आहे. पोळी पुन्हा येते, आमटी पुन्हा येते, आग्रह करणारा हात टेबलावरून सारखा फिरत असतो. मधोमध उंच काही ठेवलं की आमटीचं पातेलं ठेवायला जागा राहत नाही, वाढणाऱ्याची बाही फुलांत अडकते आणि समोर बसलेल्या माणसाचा चेहराही दिसत नाही. पंगतीची रांगोळी ताटाच्या भोवती असायची, त्यात शहाणपण होतं. वाढपी समोरून फिरायचा, म्हणून तेवढी वाट मोकळी ठेवायची आणि शोभा ताटाच्या कडेला आणायची. टेबलावरही हाच नियम लावावा. सजावट बसकी असावी, ताटांच्या भोवती असावी आणि मधली जागा भांड्यांसाठी सोडावी.

आता हे प्रत्यक्षात कसं होतं ते जवळून पाहू, कारण 'स्वस्त' आणि 'हातचं' हे शब्द हवेत ठेवून वाद घालण्यात अर्थ नाही. सहा माणसांचं केळवण आहे असं धरा. घरात विरलेली एखादी इरकल किंवा सुती नऊवारी असतेच. तिचं अंग फाटलेलं असतं, पण काठ शाबूत असतात. अंगाचा धडका भाग टेबलभर अंथरायचा आणि काठ कापून, कडा दुमडून, धावदोरा घालून त्याच्यावर दोन्ही बाजूंनी लांब पट्ट्या शिवायच्या. धुतलं की हे कापड पुढच्या वेळेला पुन्हा तयार.

ताटाभोवतीची महिरप रांगोळीऐवजी धान्याची करता येते. ताट त्याच्या जागी ठेवायचं आणि त्याच्या वरच्या अर्ध्या कडेपासून दोन बोटं अंतर सोडून खडूनं कमान आखून घ्यायची. त्या रेघेवर चिमटीनं तांदळाची बारीक ओळ सोडायची. तिच्या बाहेरून हरभऱ्याच्या डाळीची पिवळी ओळ, मग मसुराच्या डाळीची केशरी आणि शेवटी सालीच्या मुगाच्या डाळीची हिरवी. ओळ जाड-बारीक होऊ नये म्हणून पुठ्ठ्याची अरुंद पट्टी मधोमध दुमडून तिची पन्हळ करायची आणि धान्य तिच्यातून सोडायचं. धान्य कापडावर घसरत नाही आणि पंख्यानं उडत नाही. कमानीच्या दोन्ही टोकांना आंब्याचं किंवा विड्याचं एकेक पान ठेवलं की महिरप पुरी झाली. जेवणं उरकली की ताटं-वाट्या उचलायच्या, कापडाची चारही टोकं धरायची आणि सगळं धान्य परातीत ओतायचं. निवडून, धुऊन रात्री भिजत घातलं की दुसऱ्या दिवशी त्याच मिश्र डाळ-तांदळाची धिरडी होतात.

अन्नाची नासाडी कशाला करता, असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर आहे. हा आक्षेप योग्य आहे आणि तो पाळायलाच हवा. म्हणूनच त्या तांदळाला कुंकू किंवा बाजारचा रंग लावायचा नाही, पिवळा रंग हवा असेल तर हळद पुरे. सांडलेल्या आमटीनं चार दाणे भिजले तर तेवढे वेगळे काढावेत. पण दुसऱ्या दिवशी पोटात जाणारं धान्य वाया गेलं, असं कोणी म्हणू शकत नाही.

फुलांच्या बाबतीतही थोडी माहिती हवी, नाहीतर हौसेपायी घोटाळा होतो. कण्हेर दिसायला सुरेख, पण तांबडी असो वा पिवळी, विषारी असते. धोतराही विषारी. रुईच्या चिकानं त्वचेची आणि डोळ्यांची आग होते. अशी फुलं जेवणाच्या जवळपासही नकोत. निशिगंध आणि मोगरा यांचा वास इतका दांडगा असतो की साध्या वरण-भाताचा आणि साजूक तुपाचा वास त्यांच्यापुढे दबून जातो. त्यांची जागा दाराशी किंवा नवरीच्या केसांत. टेबलासाठी शेवंती, जास्वंद, झेंडूच्या पाकळ्या, कढीलिंबाची डहाळी, तुळशीच्या मंजिऱ्या ही मंडळी चांगली. जास्वंद एका दिवसात मिटते, म्हणून ती जेवायच्या थोडी आधी तोडावी. बाजारच्या फुलांवर औषध मारलेलं असू शकतं, म्हणून ती ताटात कधीच ठेवू नयेत. केळीचं पान ताट म्हणून घ्यायचं असेल, तर ते पुसून विस्तवावर हलकं शेकावं. शेकलं की ते लवचिक होतं आणि फाटत नाही. निरांजन औक्षणापुरतं आणावं आणि मग बाजूला ठेवावं, कारण जिथे पदर आणि ओढण्या वावरतात तिथे उघडी ज्योत नको.

राहिली प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी. आपल्या घरांत जुन्या लग्नपत्रिका साठलेल्या असतात. त्यांच्यावर गणपती छापलेला असतो, म्हणून त्या टाकवत नाहीत. त्यांचा कागद जाड आणि सोनेरी कडेचा असतो आणि मागची बाजू बहुधा कोरी असते. गणपती जपून कापून घ्यावा आणि उरलेल्या कागदाच्या बोटभर चिठ्ठ्या करून त्यांवर पाहुण्यांची नावं घरातल्या मुलानं लिहावीत. 'सुमनआत्या', 'दादाकाका', 'नवरदेव'. एवढ्या सगळ्याला पैसे लागतात ते फुलांचे आणि असलंच तर केळीच्या पानांचे. बाकी सगळं घरातच होतं.

आता तयार संचाच्या बाजूनं जे बोललं जातं, त्याकडे वळू. पहिला दावा असा की, तो स्वस्त पडतो. खरं तर, जे घरात आहे त्यापेक्षा विकतचं स्वस्त कसं पडणार? त्यात संच एकाच प्रसंगाचा असतो. 'केळवण' लिहिलेली पाटी डोहाळजेवणाला चालत नाही, मुंजीला चालत नाही. मग प्रत्येक प्रसंगाला नवी पाटी येते आणि जुनी कपाटावर धूळ खात पडते. भाड्यानं आणली तरी आणायला आणि पोचवायला माणूस लागतो, अनामत ठेवावी लागते आणि एखादा मणी तुटला तर तो भरून द्यावा लागतो. वेळ वाचतो, हा दुसरा दावा. महिरप घालायला लागणारा वेळ आणि संच निवडायला, मागवायला, आला नाही तर फोन करायला आणि मांडायला लागणारा वेळ यांची प्रामाणिकपणे तुलना करून पाहावी. भात शिजून कुकरची वाफ जिरेपर्यंत दोन माणसं सहा ताटांच्या महिरपी सहज घालतात. शिवणकाम आधीच्या रविवारी होतं आणि पुढची कित्येक वर्षं पुरतं.

पण पैसा आणि वेळ यांपेक्षा माझा खरा आक्षेप वेगळा आहे. तयार संच कोणासाठीच बनवलेला नसतो. तो ज्याच्या केळवणाला मांडला, त्याच्या नावाचा त्यात मागमूसही नसतो. कालच्या घरी तोच होता, उद्याच्या घरी तोच असेल. केळवण कशासाठी असतं? मुलगी आता दुसऱ्या घरी जाणार, मुलगा संसाराला लागणार, म्हणून आत्या, मावशी, मामा, शेजारी आपापल्या घरी बोलावून त्यांना एकदा जवळ बसवून जेवू घालतात. तू आमची आहेस, हे सांगण्याची ती पद्धत आहे. तिला ज्या भाज्या आवडतात त्या तिच्यासाठी मुद्दाम करणारं घर तिच्या ताटाभोवती मात्र कोणाच्याही ताटाभोवती चालेल अशी वस्तू ठेवतं, हे मला पटत नाही. हातानं केलेल्या गोष्टीत ज्याच्यासाठी ती केली, त्याचा विचार येतोच. तिला जांभळा रंग आवडतो म्हणून गोकर्णाची फुलं शोधली जातात. आजोबांचा हात थरथरतो, म्हणून त्यांच्या ताटाजवळची जागा मोकळी सोडली जाते. असा विचार दुकानात विकत मिळत नाही.

आणि कचऱ्याचं काय? महाराष्ट्र सरकारनं 23 मार्च 2018 रोजी प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घालणारी अधिसूचना काढली. 1 जुलै 2022 पासून देशभर एकदा वापरून टाकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली आणि त्या यादीत सजावटीचं थर्माकोलही आहे. पण थर्माकोल गेल्यावर त्याची जागा हातकामानं घेतली नाही. ती फोमनं, ॲक्रिलिकनं आणि कृत्रिम फुलांनी घेतली. बंदीचं अक्षर पाळलं गेलं, तिचा हेतू बाजूला राहिला. प्लास्टिकच्या फुलांनी आपला बाजार बसवला, अशी फूलशेती करणाऱ्या शेतकऱ्यांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. झेंडूची माळ संध्याकाळी ओल्या कचऱ्यात जाते आणि तिचं खत होतं. प्लास्टिकची माळ पुढच्या पिढीच्या वाट्याला येते. घराघरांतल्या छोट्या निवडींवर हा हिशेब ठरतो, आणि केळवणाचं टेबल ही अशीच एक निवड आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे सजावटच नको म्हणणाऱ्यांकडे. त्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा बाईच्या श्रमांचा आहे. आणि तो खरा आहे. पहाटेपासून पुरण वाटणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या बाईनं वर टेबलही सजवावं, आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर मागून गार अन्न खावं, अशी सजावट कोणी मागत असेल तर त्या माणसाच्या विरोधात मीही उभा राहीन. पण या मुद्द्यातून सजावट बंद करा, हा निष्कर्ष निघत नाही. निष्कर्ष निघतो तो असा की, ज्यानं स्वयंपाक केला त्यानं सजावट करायची नाही, आणि घरातल्या बाकीच्यांनी ती करायची.

पुरुषांना हे जमत नाही, असं म्हणणाऱ्यांनी गणपतीच्या आदल्या रात्री कुठल्याही घरात डोकावून पाहावं. मखर कोण उभारतं? पताका कोण कापतं, दिव्यांच्या माळा कोण ओढतं? बाप, मुलगे, काका रात्र-रात्र जागून ते करतात आणि दुसऱ्या दिवशी अभिमानानं दाखवतात. गोव्यात गणपतीच्या मूर्तीवर माटोळी बांधतात. तिच्यासाठी रानातली फळं, कंद आणि वेली आणायला पुरुष डोंगर चढून जातात. सजावटीचा हात पुरुषाला असतोच, फक्त देवापुढे चालणारा तो हात जेवणाच्या टेबलापाशी थांबतो. तो थांबू नये, एवढीच मागणी आहे. साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या 1935 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात 'पत्रावळ' नावाचं प्रकरण आहे. त्यात पत्रावळ लावता न येणाऱ्या मुलाला आई ते काम शिकायला लावते. जेवणाची जागा तयार करणं हे मुलाचंही काम आहे, हे त्या माऊलीला कळत होतं. ते आज सुशिक्षित घरांना पुन्हा सांगावं लागतं, याचं मला वाईट वाटतं.

यापुढचा मुद्दा आणखी खोल आहे. पंगतीच्या त्या रांगोळ्यांचे गोडवे कशाला गाता, असं एक स्नेही मला नेहमी विचारतात. त्या पंगती सगळ्यांच्या नव्हत्या. कोण कोणाशेजारी बसणार हे जात ठरवत होती, विधवांना त्या शोभेत जागा नव्हती, आणि चांदीचं ताट व्याह्याला तर पत्रावळ गड्याला असाच रिवाज होता. यातला शब्द न् शब्द खरा आहे. त्या पंगतीविरुद्ध महाराष्ट्रात माणसं झगडली. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीचा प्रसाद ठेवून सत्यनारायण घातले आणि सगळ्या जातींना एकत्र जेवायला बसवलं. प्रसाद साधा होता आणि स्वस्त होता, म्हणूनच तो कोणाच्याही घरचा असू शकत होता. मी स्वस्त सजावटीचा आग्रह धरतो, त्याचं हे एक मोठं कारण आहे. चांदी सगळ्यांकडे नसते, पण डाळ-तांदूळ आणि चार झेंडू कोणत्याही घरी असतात. सजावट महाग झाली की ती मानकऱ्यापुरती उरते. स्वस्त राहिली तर ती टेबलावरच्या प्रत्येक ताटाला मिळू शकते. म्हणून माझा नियम असा की, नवरदेवाच्या ताटाभोवती जी महिरप, तीच त्याला आणणाऱ्या ड्रायव्हरच्या ताटाभोवती आणि तीच स्वयंपाकाला मदत करणाऱ्या बाईंच्या ताटाभोवती. सगळे एकाच टेबलावर आणि एकाच वेळी. जुन्या पंगतीचा दोष तिच्या रांगोळीत नव्हता, तो ती रांगोळी कोणापुढे घालायची याच्या निवडीत होता. ती निवड आज आपल्या हातात आहे.

जेवणाची चव महत्त्वाची, डोळ्यांचं काय एवढं, असंही म्हणतात. या दोन गोष्टी अशा वेगळ्या करता येत नाहीत. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 साली 'फ्लेवर' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच जिन्नस असलेलं सॅलड तीन प्रकारे मांडलं होतं : नुसतं कालवून, नीट ओळीत, आणि चित्रकार वासिली कान्दिन्स्कीच्या एका चित्राच्या धर्तीवर. चित्रासारखं मांडलेलं सॅलड खाणाऱ्यांना अधिक चवदार लागलं आणि त्यासाठी जास्त पैसे द्यायचीही त्यांची तयारी होती. प्रयोग ताटातल्या मांडणीचा होता, टेबलाचा नव्हता, हे मान्य. पण डोळा आणि जीभ एकमेकांपासून अलग नाहीत, एवढं त्यातून निश्चित कळतं. भाताची मूद पाडणाऱ्या आपल्या आज्यांना हे प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होतं.

हातचं ओबडधोबड दिसतं, ही तक्रार उरते. ती मी उडवून लावणार नाही. माया आहे म्हणून काहीही चालवून घ्या, असं पाहुण्याला सांगणं बरं नाही. सजावट करायची तर ती नेटकी व्हायला हवी आणि तिचं थोडं शिक्षण घ्यायला हवं. पण ते शिक्षण अवघड नाही. एका टेबलावर तीन-चारच रंग घ्यावेत. एक सोपा आकार निवडावा आणि तोच प्रत्येक ताटापाशी तस्साच पुन्हा करावा. रिकामी जागा भरून टाकण्याचा मोह आवरावा, कारण भांडी आल्यावर ती जागा आपोआप भरते. एवढं सांभाळलं तर दहा वर्षांच्या मुलाच्या हातची महिरपही देखणी दिसते. एखादी ओळ किंचित वाकडी झाली तर होऊ द्यावी. रांगोळी पुसून पुन्हा घालणाऱ्या बायकांच्या या मुलखात एक ओळ सावरणं कोणाला अवघड नाही.

शेवटचा मुद्दा फोटोचा. केळवणाचं जेवण फोटो निघेपर्यंत गार होतं, ही खरी गोष्ट आहे आणि मला तिची चीड येते. पण हा दोष कॅमेऱ्यासाठी केलेल्या सजावटीचा आहे. तयार संच वरून पाहायचा असतो, टेबलाच्या डोक्यावर मोबाइल धरून. खुर्चीवर बसलेल्या माणसाला त्या पाटीवरची अक्षरं उलटी किंवा आडवी दिसतात. हातची महिरप बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर, त्याच्या बाजूनं घातलेली असते. तिचा खरा प्रेक्षक जेवणारा असतो. फोटो काढायचा असेल तर पानं वाढण्यापूर्वी रिकाम्या टेबलाचा एक काढावा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून यावा. वाढलेलं पान ताटकळत ठेवणं हा अन्नाचाही अपमान आहे आणि पाहुण्याचाही.

माझी मागणी लहान आहे. या मोसमात ज्यांच्या घरी केळवण आहे त्यांनी संच मागवू नये आणि टेबल उघडंही ठेवू नये. स्वयंपाक करणाऱ्याला सजावटीतून मोकळं करावं. घरातल्या पुरुषांना आणि मुलांना डाळीचे डबे, जुनी साडी, जुन्या पत्रिका आणि कात्री काढून द्यावी, आणि टेबलावर जितकी ताटं तितक्याच सारख्या महिरपी त्यांच्याकडून घालून घ्याव्यात. आपल्यासाठी या घरातली सगळी माणसं राबली, हे ताटावर बसल्याबसल्या पाहुण्याला कळलं पाहिजे. जे टेबल हे सांगतं, त्याला वेळेचा अपव्यय म्हणणाऱ्यांनी वेळ आणखी कशासाठी वाचवून ठेवला आहे, ते एकदा स्पष्ट सांगावं.